साखर आटोक्यात, पण हृदयाचे काय?

छातीत कळ आली की सातारा-सांगलीकडचा माणूस रात्री-अपरात्रीही गाडी काढून कऱ्हाड नाहीतर मिरज गाठतो. धाप लागली तर मात्र ‘वय झाले’, ‘वजन वाढले’, ‘उन्हाचा त्रास’ असे म्हणत दिवस ढकलले जातात. मधुमेह असलेल्या माणसाला ही दुसरी सवय महागात पडते. मधुमेहात हृदयाचे नुकसान दरवेळी झटक्याच्या रूपाने येत नाही. कधी कधी रक्तवाहिन्या बऱ्यापैकी मोकळ्या असतात, ईसीजीत फारसे काही दिसत नाही, आणि तरीही हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर होत जातो.

हे नेमके कसे घडते याचा शोध घेताना शास्त्रज्ञ साखरेवर काम करणाऱ्या एका एन्झाइमपाशी पोचले. त्याचे नाव अल्डोज रिडक्टेज. त्याला रोखणाऱ्या एका नव्या औषधाची मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा मुख्य निकाल निराशाजनक निघाला. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये भारतात एम्पाग्लिफ्लोझिन या वेगळ्याच औषधाचे पेटंट संपले आणि त्याची किंमत एकदम कोसळली. पहिल्या घटनेची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. दुसरीची झाली, पण ती स्वस्ताईची बातमी म्हणून. दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर मधुमेहींच्या कामाची एक गोष्ट स्पष्ट होते. रक्तातील साखरेचा आकडा सांभाळणे आणि हृदय सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपली सगळी धडपड अजून पहिल्याच कामाभोवती फिरते आहे.

झटक्याविना दमणारे हृदय

१९७२ मध्ये अमेरिकेत शर्ली रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. चौघांचे हृदय निकामी झाले होते. पण मृत्यूनंतरच्या तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे सापडले नाहीत. मधुमेह स्वतःच हृदयाच्या स्नायूला इजा करतो, ही कल्पना तिथून रुजली. पुढे १९७४ मध्ये फ्रॅमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन अभ्यासाने आकडे दिले. मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक होता, तर मधुमेही स्त्रियांत तो सुमारे पाचपट होता.

स्त्रियांविषयीचा हा आकडा आपल्या घराघरांत लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरातली बाई जिना चढताना मध्येच थांबली, पाण्याची घागर उचलल्यावर तिला धाप लागली, तर तिची तक्रार शेवटी ऐकली जाते. तिला मधुमेह असेल तर खरे म्हणजे ती सर्वांत आधी ऐकायला हवी.

‘हृदय निकामी होणे’ या शब्दांनी अनेकांचा गैरसमज होतो. हृदय बंद पडणे असा त्याचा अर्थ नाही. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे हृदयाला जमेनासे होणे, किंवा ते जमवण्यासाठी त्याला फार दाब सोसावा लागणे, असा तो अर्थ आहे. मधुमेहात बऱ्याचदा सुरुवात सैल पडण्यातल्या अडचणीने होते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू सैल पडून रक्ताने भरायला हवा. तो ताठर झाला की नीट भरत नाही आणि मागे फुप्फुसांत दाब वाढतो. बसून असताना त्रास जाणवत नाही, चढ लागला की दम लागतो. या टप्प्यावर पंपाची ताकद दाखवणारा एकोतला आकडा अगदी चांगला असू शकतो. ‘पंपिंग साठ टक्के आहे, काळजी नको’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच आश्वासन देते.

हा प्रश्न किती लोकांचा आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. ही संख्या १० कोटींच्या पुढे जाते. शहरात प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ६.५ टक्के आणि शहरी भागात १०.९ टक्के प्रमाण आढळले होते. खेड्यात मधुमेह नसतो, हे म्हणण्याचे दिवस तेव्हाच संपले होते.

साखरेची आडवाट

आता त्या एन्झाइमकडे वळू. एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकातले विकर, पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते. ग्लुकोज पेशीत शिरले की त्यातले बहुतेक हेक्सोकायनेज नावाचे एन्झाइम उचलते आणि ऊर्जा तयार करण्याच्या मुख्य वाटेवर पाठवते. अल्डोज रिडक्टेजला ग्लुकोजची ओढ कमी असते. साखर प्रमाणात असेल तोवर त्याच्या वाट्याला जेमतेम काही टक्के ग्लुकोज येते. साखर वाढली आणि वाढलेलीच राहिली की मुख्य वाट भरून जाते आणि या आडवाटेने जाणारा वाटा कितीतरी पटींनी वाढतो.

सांगलीकरांना हे समजायला सोपे आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी पात्रात असते तोवर शहरातले नाले नदीकडे वाहतात. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेले की लोक सामान आवरायला घेतात, आणि ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की नदीचे पाणी त्याच नाल्यांतून उलटे वस्तीत शिरते. नाले कायम तिथेच असतात, पाणी वाढल्यावर ते घात करतात. अल्डोज रिडक्टेजचेही तसेच आहे. ते निरोगी माणसाच्या शरीरातही असते.

आडवाटेवर तीन प्रकारे नुकसान होते. पहिले म्हणजे हे एन्झाइम ग्लुकोजचे सॉर्बिटॉल करते. सॉर्बिटॉल पेशीबाहेर सहज जात नाही, साचून राहते. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. हे काम करताना एन्झाइम पेशीतला एनएडीपीएच नावाचा साठा खर्च करते. ग्लुटाथायोन हा पेशीचा गंजरोधक पुन्हा पुन्हा ताजा करायला हाच साठा लागतो. तो कमी पडला की पेशी ऑक्सिजनच्या उपद्रवी कणांपुढे उघडी पडते. तिसरे म्हणजे सॉर्बिटॉलपासून पुढे दुसरे एन्झाइम फ्रुक्टोज, म्हणजे फळशर्करा, बनवते. तिच्यापासून तयार होणारे काही पदार्थ प्रथिनांना चिकटतात. हृदयाच्या स्नायूंभोवतीच्या तंतूंमध्ये अशी चिकटाचिकटी वाढली की स्नायूची लवचिकता कमी होते.

हृदय हा शरीरातला न थांबणारा स्नायू आहे. एरवी तो ऊर्जेसाठी जास्त करून स्निग्धाम्लांवर चालतो आणि गरज पडेल तसा ग्लुकोजकडे वळतो. मधुमेहात हे वळणे अवघड होते. भोवती साखर भरपूर असूनही हृदयाला ती नीट वापरता येत नाही, आणि पेशीत शिरलेल्या साखरेचा काही भाग नुकसान करणाऱ्या आडवाटेने जातो.

या आडवाटेचा पत्ता विज्ञानाला हृदयात लागलेला नाही. १९५६ मध्ये एच. जी. हर्स यांना ती वीर्यकोशात सापडली. १९५९ मध्ये रूथ व्हॅन हाइनिंगन यांनी मधुमेही उंदरांच्या डोळ्यांतील भिंगात सॉर्बिटॉल साचलेले दाखवले. त्यामुळे मोतीबिंदूशी तिचा संबंध आधी जुळला, मग मज्जातंतूंशी आणि पुढे हृदयाशी. हृदयाविषयीच्या संशोधनात न्यूयॉर्क विद्यापीठातील रविचंद्रन रामसामी यांचे काम महत्त्वाचे आहे. साध्या प्रयोगशाळेतील उंदरांत हे एन्झाइम फार कमी असते, त्यामुळे माणसातला आजार त्यांच्यात हुबेहूब उतरत नाही. संशोधकांनी माणसाचे जनुक घालून हे एन्झाइम अधिक असलेले उंदीर तयार केले. असे उंदीर मधुमेही झाले की त्यांच्या हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान वाढलेले दिसले.

औषध परीक्षेला बसले

एन्झाइम सापडले म्हणजे त्याला कुलूप लावणारे औषध शोधणे ओघानेच आले. ही वाट मात्र अपयशांनी भरलेली आहे. सॉर्बिनिल या सुरुवातीच्या औषधाने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी झाली. टॉलरेस्टॅट काही देशांत विकले जात होते, पण यकृताला इजा होत असल्याने १९९७ मध्ये ते मागे घेतले गेले. टिकले ते जपानमधले एपालरेस्टॅट. ते आपल्याकडेही मिळते, पण मज्जातंतूंच्या त्रासासाठी. पायांची आग होणाऱ्या काही मधुमेहींच्या चिठ्ठीत हे नाव दिसते. हृदयासाठीचे औषध म्हणून ते सिद्ध झालेले नाही.

अडचण एवढ्यावर संपत नाही. अल्डोज रिडक्टेज काही चांगली कामेही करते. स्निग्ध पदार्थ खराब झाल्यावर पेशीत तयार होणारी विषारी रसायने निकामी करण्यात त्याचा हात असतो. म्हणजे ते पूर्ण बंद करणेही धोक्याचे ठरू शकते.

तरीही आशा होती. २००४ मध्ये झोपोलरेस्टॅट या औषधाच्या छोट्या, वर्षभराच्या अभ्यासात मज्जातंतूंचा त्रास असलेल्या मधुमेहींच्या हृदयाचे काम थोडे सुधारलेले दिसले. त्याच धाग्यावर पुढे एटी-००१, म्हणजे कॅफिक्रेस्टॅट, हे अधिक नेमके औषध तयार झाले आणि ‘अराइज-एचएफ’ ही चाचणी उभी राहिली. तिच्यात टाइप-२ मधुमेह असलेले ६९१ लोक होते. हृदयात बिघाडाची चिन्हे आणि श्रम करण्याची क्षमता कमी, पण हृदय निकामी झाल्याची उघड लक्षणे अजून नाहीत, असे हे लोक. औषध लवकर दिले तर घसरण थांबते का, असा प्रश्न होता.

मोजमापासाठी निवडले गेले ते ऐन श्रमाच्या वेळी शरीर वापरू शकते तेवढ्या ऑक्सिजनचे प्रमाण. साताऱ्यातल्या हिल मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांना ‘व्हीओटू मॅक्स’ या नावाने ते ओळखीचे असेल. १५ महिन्यांनंतर खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला ०.३१ मिलिलिटरने घसरले. औषधाचा जास्त डोस घेणाऱ्यांत ते जवळजवळ स्थिर राहिले, घसरण ०.०१ एवढीच. मात्र दोन गटांतला हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही.

एका उपगटात चित्र थोडे बरे होते. जे लोक हृदयाला फायदा देणारी मधुमेहाची नवी औषधे घेत नव्हते, त्यांच्यात खोटी गोळी घेणाऱ्यांची घसरण ०.५४ होती आणि जास्त डोस घेणाऱ्यांत ०.०८ एवढी किंचित वाढ होती. यावरून काहींनी आशा बाळगली आहे. पण शेताच्या एका कोपऱ्यात पीक बरे आले म्हणून बियाणे सिद्ध झाले, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. उपगटातला निकाल पुढच्या चाचणीसाठी प्रश्न देतो, उत्तर देत नाही.

एन्झाइमचा सिद्धांत यामुळे खोटा ठरत नाही. मधुमेही हृदयाचे नुकसान एकाच वाटेने होत नाही, एवढे मात्र त्यातून दिसते. एक नाला बांधून काढला म्हणून पूर अडत नाही.

हळद आणि गुळाची गोष्ट

या एन्झाइमचा एक धागा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात येतो. सांगलीची हळद २०१८ पासून भौगोलिक मानांकन मिरवते, आणि हरिपूरची हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये मधुमेही उंदरांच्या खाद्यात हळद आणि तिच्यातला कर्क्युमिन हा घटक मिसळून पाहिला. मोतीबिंदू होण्याचा वेग मंदावला आणि सॉर्बिटॉलच्या आडवाटेवरचा ताणही कमी दिसला. त्याच संस्थेने पुढे पालक, जिरे, बडीशेप, काळी मिरी, कढीपत्ता अशा रोजच्या पदार्थांच्या अर्कांची अल्डोज रिडक्टेजवर प्रयोगशाळेत तपासणी केली आणि काहींमध्ये एन्झाइमला रोखण्याची क्षमता आढळली.

हे संशोधन प्रामाणिक आहे आणि आपल्या स्वयंपाकघराबद्दल आदर वाढवणारे आहे. मात्र त्यातली एक बाब नीट वाचायला हवी. हळद दिलेल्या उंदरांची रक्तातली साखर कमी झाली नव्हती, ती चढलेलीच राहिली होती. शिवाय कर्क्युमिन माणसाच्या आतड्यातून फार कमी शोषले जाते. उंदराच्या डोळ्यातले भिंग आणि माणसाचे हृदय यांतही मोठे अंतर आहे. खास तयार केलेले, नेमके औषध ६९१ माणसांच्या चाचणीत मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाले नाही. मग सकाळच्या हळदीच्या पाण्यावर विसंबून गोळ्या बंद करणे कितपत शहाणपणाचे? भाजी-आमटीत हळद जरूर असावी, पण तिला औषधाची जागा देऊ नये.

गुळाचेही तसेच. उसाच्या पट्ट्यात राहिल्याने कुणाला मधुमेह होत नाही, पण ‘साखर बंद केली, गूळ चालतो’ हा समज इथे घट्ट आहे. गुळात थोडी खनिजे जास्त असली तरी तो मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरेचीच बहीण. पोटात गेल्यावर त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. आडवाट उघडी असलेले शरीर तर ग्लुकोजपासून आत स्वतःच फ्रुक्टोज बनवत असते. गुळाचा चहा पिऊन त्याच्यावरचा भार कमी होत नाही.

साखर उतरवणारे प्रत्येक औषध हृदय राखत नाही

इतकी वर्षे वैद्यकशास्त्राचाही समज साधा होता. साखर उतरवा, बाकीचे आपोआप सांभाळले जाईल. २००८ मध्ये या समजाला मोठा धक्का बसला. अमेरिका आणि कॅनडातील ‘अकॉर्ड’ चाचणीत १०,२५१ मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर औषधांच्या जोरावर जवळजवळ निरोगी माणसाइतकी खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २०३. कडक नियंत्रणाचा भाग वेळेआधी थांबवावा लागला.

औषधांचेही तेच. पायोग्लिटाझोन ही स्वस्त गोळी साखर चांगली उतरवते, पण शरीरात पाणी धरून ठेवते. ज्यांचे हृदय आधीच थकलेले आहे त्यांचा त्रास तिने वाढू शकतो. भारतात जून २०१३ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली आणि काही आठवड्यांतच ठळक इशाऱ्याच्या अटीवर ती उठली. आजही मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत ती मिळते. अनेकांना आपण ती घेतो हेच ठाऊक नसते, कारण पाकिटावरचे मोठे नाव कंपनीचे असते. सॅक्साग्लिप्टिन या दुसऱ्या औषधाने हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण किंचित वाढल्याचे २०१३ मध्ये दिसले.

उलट अनुभव आला तो एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्यांचा. त्या मूत्रपिंडांतून साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०१५ मध्ये ७,०२० रुग्णांच्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदय निकामी होऊन दाखल होण्याचे प्रमाण ४.१ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. २०१९ च्या ‘डापा-एचएफ’ चाचणीत हृदयाची पंपिंगची ताकद घटलेले ४,७४४ रुग्ण होते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेहच नव्हता. सुमारे दीड वर्षात आजार बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू हे प्रकार खोटी गोळी घेणाऱ्यांत २१.२ टक्के लोकांबाबत घडले, तर डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत १६.३ टक्के. दर शंभर रुग्णांमागे पाच जण वाचले, असा त्याचा साधा अर्थ. मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला, म्हणजे तो केवळ साखर उतरल्याने झालेला नाही.

डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. पूर्वी साठ रुपयांच्या आसपास पडणारी एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. प्रयोगशाळेतले एन्झाइम रोखणारे औषध अजून वाटेत आहे. हृदय राखणारे औषध मात्र गावातल्या मेडिकलमध्ये येऊन पोचले आहे.

ही गोळीही प्रत्येकासाठी नाही आणि मनाने सुरू करण्याची तर अजिबात नाही. तिने लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, शरीरातले पाणी कमी होऊ शकते. क्वचित प्रसंगी साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ले साचतात. कडक उपास, जुलाब-उलट्या, शस्त्रक्रिया अशा वेळी ती काही दिवस थांबवावी लागते. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी आणि लोणंद-फलटणमार्गे वारीत चालणाऱ्यांनी याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

झटक्याला पाच लाख, रोजच्या गोळीला काय?

मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हा भाग उपचारांसाठी दूरदूरच्या लोकांचा आधार आहे. आज मिरज, सांगली, कऱ्हाड आणि सातारा इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कमतरता आहे ती आजाराच्या आधीच्या टप्प्यात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ते सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुले झाले आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास त्यात होते. पण ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. हृदय बिघडू नये म्हणून वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीचा खर्च तिच्यात बसत नाही. गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या लोकांची साखर आणि रक्तदाब तपासला जातो, ही चांगली गोष्ट आहे. ज्याला मधुमेह निघतो त्याच्या हृदयाची स्वतंत्र चौकशी मात्र नेमाने होत नाही.

औषधांच्या यादीतही हेच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एसजीएलटी-२ गटाचा समावेश आवश्यक औषधांत केला. आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत मधुमेहासाठी टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लार्जिन इन्सुलिन नव्याने आले, हा गट आला नाही. गोळी महाग होती तेव्हा हे समजण्यासारखे होते. किंमत एवढी उतरल्यावर त्याचा फेरविचार व्हायला हवा. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळाली, तर जतच्या किंवा पाटणच्या शेतमजुराला तिचा उपयोग होईल. आज दहा रुपये रोज म्हणजे महिन्याला तीनशे रुपये, आणि बाकीच्या गोळ्या वेगळ्या. हातावर पोट असलेल्या घरात त्यातली कुठली गोळी आधी बंद होते, हे गावचा कुठलाही औषध दुकानदार सांगेल.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मधुमेही आणि त्यांच्या घरच्यांना काही गोष्टी आजच करता येतात.

पुढच्या तपासणीला फक्त साखरेचा कागद नेऊ नका, दमाची हकिगतही सांगा. सहा महिन्यांपूर्वी न थांबता चढत होतो तो चढ आता किती वेळा थांबून चढतो? रात्री झोपताना उशी उंच घ्यावी लागते का? संध्याकाळी पायांवर सूज येते का, वजन चार दिवसांत अचानक वाढले का? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांना महागड्या तपासणीइतकीच उपयोगी पडतात.

एनटी-प्रोबीएनपी या रक्तचाचणीविषयी विचारा. हृदयावर ताण आला की हा घटक रक्तात वाढतो. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०२२ पासून मधुमेहींसाठी अशा चाचणीचा वर्षातून एकदा विचार करावा, असे सुचवले आहे. आकडा १२५ किंवा त्याहून जास्त आला तर पुढे एको करून पाहावे लागते. चाचणी स्वस्त नाही, म्हणून सरसकट करण्यापेक्षा मधुमेह जुना असलेल्यांनी, रक्तदाब असलेल्यांनी आणि दम लागणाऱ्यांनी आधी विचारावे.

गोळ्यांची पाकिटे सोबत न्या आणि प्रत्येक गोळीत काय आहे ते विचारून वहीत लिहून घ्या. पायोग्लिटाझोन असेल आणि पायांवर सूज असेल तर ते आवर्जून दाखवा. हृदय आणि मूत्रपिंडासाठी मला वेगळी गोळी लागेल का, हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. आणि रक्तदाब, तंबाखू, वजन, चालणे या जुन्या गोष्टी जुन्या झाल्या म्हणून कमी महत्त्वाच्या झालेल्या नाहीत. साखर आटोक्यात ठेवायचीच, कारण ती चढलेली राहिली की आडवाट उघडते आणि डोळे, मूत्रपिंडे, पाय यांनाही त्याचा फटका बसतो.

अल्डोज रिडक्टेजवर संशोधन चालू राहील. कदाचित उद्या अधिक नेमके औषध येईल, कदाचित ते काही ठरावीक रुग्णांनाच लागू पडेल. त्याची वाट पाहत बसण्याची गरज मात्र नाही. या एन्झाइमने एक गोष्ट आधीच शिकवली आहे. मधुमेही हृदयाचे नुकसान छातीत कळ येण्याच्या कितीतरी आधी, गाजावाजा न करता सुरू होते. तेव्हा शुगरच्या तपासणीला जाल त्या दिवशी डॉक्टरांना एवढे नक्की विचारा: ‘साखर ठीक आहे, पण माझे हृदय कसे आहे?’